टेकायची भिंत

समजा, तुम्हाला घरातल्या घरात एक भिंत उभी करायची आहे. विटा नाहीत, सिमेंट नाही, घरभर चिखल नाही; एका मोठ्या खोलीच्या दोन करायच्या, एवढंच. तुम्ही काय कराल? जमिनीवर एक लाकडी पट्टी आडवी टाकाल आणि फरशीत घट्ट बसवाल. बरोबर तिच्या डोक्यावर, छताला दुसरी. मग त्या दोन पट्ट्यांच्या मधे हात-दीड हात अंतर ठेवून उभे वासे बसवाल, आणि ते वाकू नयेत म्हणून मधेमधे आडवे तुकडे द्याल. शेवटी अलीकडून आणि पलीकडून बोर्ड मारून सगळा सांगाडा झाकून टाकाल. काम अवघड नाही. ज्याला करवत सरळ धरता येते आणि ओळंबा हलायचा थांबेपर्यंत धीर धरवतो, त्याला ते जमतं.

मामांना ते न जमण्याचं काही कारण नव्हतं. मामा नाटकांचे सेट उभे करायचे. नटांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, त्यामुळे त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. उभ्या आयुष्यात मामांनी इतक्या भिंती उभ्या केल्या होत्या की एकापुढे एक ठेवल्या असत्या तर एखाद्या गावाला कुंपण झालं असतं. राजवाड्याच्या भिंती, तुरुंगाच्या, दवाखान्याच्या. गरीब विधवेच्या घराची भिंतसुद्धा होती. ती राजवाड्याचीच, वरून राखाडी रंग दिलेली. त्यातली एकही तीन अंकांपेक्षा जास्त वेळ उभी राहिलेली नव्हती. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

भिंतीची गरज पडली ती ताईमुळे.

ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मामा एवढेसे होते, आणि ताईनंच त्यांना वाढवलं. म्हणजे वेळेवर जेवायला घातलं, नखं कापली आणि खोटं बोलले की चेहऱ्यावरून ओळखलं. पुढे ती हॉस्पिटलात नर्स झाली, मग वॉर्डची मुख्य सिस्टर. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "आणि माझी ड्यूटी कोण करणार, नवरा?"

मामांच्या पहिल्या नाटकाला ती आली होती. प्रयोग संपल्यावर लोक नटांभोवती गोळा झाले, ताई सरळ मामांकडे आली.

"दुसऱ्या अंकात त्या बाईनं दार आपटलं ना, तेव्हा डावीकडची भिंत श्वास घेत होती," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि बस पकडायला निघून गेली. त्यानंतर मामांनी भिंत कधी सैल सोडली नाही, आणि ताईला नाटकाला बोलावलंही नाही.

आता ताईचे गुडघे गेले होते आणि ती राहायची तिथे जिने फार होते. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिच्या हॉस्पिटलातली एक जुनी सिस्टर राहत होती. तिनं शेजारची खाट ताईसाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवायला सांगितली होती. मामींना हे कळलं तेव्हा त्या पोळपाट बाजूला ठेवून म्हणाल्या, "वन्संनी इथे यायचं. तुम्ही जाऊन सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, भावजय तोंडदेखलं बोलते आहे."

मामा गेले.

"मी आले तर तुम्ही दोघं कुठे झोपणार?" ताईनं विचारलं.

"खोली मोठी आहे की. मागच्या अर्ध्या भागाला खिडकी आहे, बोळाकडे वेगळं दार आहे. मधे एक पडदा..."

"पडदा नको."

"जाड पडदा, ताई."

"बाळ्या, माझा जन्म पडद्यांमधे गेलाय. अलीकडे एक जण शेवटचे श्वास मोजत असतो आणि पलीकडचा विचारतो, आज जेवायला काय आहे. मला पडदा नको, मला भिंत हवी. पाठ टेकून बसता येईल अशी. जमत नसेल तर तसं सांग, राग नाही. मी तिकडे जाते. तिकडे भिंती आहेत."

मामांना हसू आवरेना. "ताई, तू भिंत मागते आहेस कुणाकडे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुताराला बोलवावं, असं मामींचं म्हणणं होतं. मामांना ते लागलं. "घरात सेटवाला असताना सुतार? म्हणजे आचाऱ्यानं बाहेरून डबा मागवायचा!" त्यांनी माप घेतलं, लाकूड आणलं, अंगणात चौकटी जुळवल्या, त्यांच्यावर कापड ताणून बसवलं, कापड ताठ राहावं म्हणून खळ मारली, रंग दिला. दोन दिवसांत भिंत तयार. बिजागऱ्यांवर घडी होणारी, दोन माणसांनी सहज उचलावी अशी. खोलीत आणून त्यांनी ती उलगडली आणि मामींना हाक मारली.

मामी दारात उभ्या राहिल्या. भिंत सुरेख होती, यात शंका नाही. फिकट पिवळा रंग, खाली तपकिरी पट्टा, आणि डावीकडच्या खिडकीतून ऊन यावं तशी हलकी सावली. खोलीत डावीकडे खिडकी नव्हती, पण असती तर सावली अगदी तिथेच पडली असती.

"वर एवढी जागा का सोडली?" मामींनी विचारलं. भिंत आणि छत यांच्यामधे एक माणूस आडवा झोपू शकला असता.

"वरून प्रकाश यायला."

"कुणावर?"

मामांनी वर पाहिलं. भिंतीला कान असतात असं म्हणतात. या भिंतीला वरून अख्खं डोकं घालायची सोय होती.

मामी बोळातून वळसा घालून पलीकडे गेल्या.  मग वरच्या फटीतून त्यांचा आवाज आला.

"अहो, इकडे काय आहे हे?"

"काय आहे?"

"काठ्या आहेत. खिळे आहेत. कापडाची उलटी बाजू आहे. तिरके टेकू आहेत, त्यांच्यावर वाळूच्या पिशव्या आहेत. आणि खडूनं लिहिलंय, 'डावी तीन'."

"ती मागची बाजू. सवयीनं खूण घातली, डावीकडून तिसरी चौकट."

"वन्सं इकडे राहणार आहेत."

मामा भिंतीसमोर उभे राहिले. त्यांच्या धंद्यात भिंतीला एकच बाजू असते. जिकडे लोक बसतात ती पुढची. मागे अंधार, दोऱ्या आणि आपली पाळी येईपर्यंत जांभया देणारे नट. मागच्या बाजूला कुणी राहायला येईल का, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. खोलीत शिरणारं दार होतं तिकडे त्यांचे हात आपोआप पुढची बाजू करून मोकळे झाले होते.

"फिरवून लावू या," ते म्हणाले.

"म्हणजे काठ्या माझ्याकडे."

"मग मागून काहीतरी लावू."

"काय लावाल?"

मामांनी डोकं खाजवलं. "पडदा," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच ते ऐकू आलं.

पण ताई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. तेव्हा पडदाच लावला.

ताई आली. रिक्षातून उतरली, सगळं नीट पाहिलं, पडदा एका बोटानं बाजूला केला, 'डावी तीन' वाचलं आणि पडदा परत सोडला. काही बोलली नाही. हॉस्पिटलात मोठे डॉक्टर फेरीला येत तेव्हा ती अशीच गप्प राहायची आणि ते गेल्यावर सगळं बदलायला लावायची. मामा तिची ट्रंक आणायला परत रिक्षाकडे गेले. मामी स्वयंपाकघरात चहाचं बघत होत्या.

ट्रंक घेऊन मामा बोळाच्या दारातून आत शिरले, तर ताईनं खाट सरकवून भिंतीजवळ घेतली होती आणि ती खाटेवर बसून हळूहळू पाठ मागे नेत होती.

प्रत्येक तालमीत, प्रत्येक प्रयोगाआधी, नव्या-जुन्या सगळ्या नटांना मामा एक वाक्य ओरडून सांगत आले होते. ते आताही त्यांच्या तोंडून पूर्ण ताकदीनं बाहेर पडलं.

"भिंतीला टेकायचं नाही!"

ताई टेकली होती. भिंत सावकाश पलीकडे कलली. कापडाची भिंत धाडकन पडत नाही; खाली हवा अडकते, त्यामुळे ती मोठ्या माणसानं खुर्चीत बसावं तशी बसते. फस्स असा आवाज झाला, टेबलावरचं वर्तमानपत्र उडून पंख्यापर्यंत गेलं आणि मग सगळं शांत झालं. पिवळा रंग खाली गेला होता, काठ्या वर आल्या होत्या. मामी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि कडेला थांबल्या.

"वरून चालत यायचं की वळसा घालू?" त्यांनी विचारलं.

ताई खाटेवर तशीच ताठ बसली होती. "बाळ्या," ती म्हणाली, "मी टेकायची भिंत मागितली होती."

"ही टेकायची नव्हे, ही बघायची," मामा म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

ताईनं चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि ट्रंकेचं कुलूप न उघडता म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत पाहुणी म्हणून राहते. मग तिकडे."

मामा तिथेच बसून राहिले. जिनं वाढवलं तिच्यासाठी आयुष्यात एकच गोष्ट करायची होती, ती त्यांच्याच धंद्यातली होती, आणि तीच आडवी पडली होती.

त्यांनी आवराआवर केली. टेकू उचलले, तेव्हा लक्षात आलं की त्यांच्यावर पिशव्या नाहीत. पिशव्या खिडकीखाली होत्या. एकावर एक, कडा जुळवून, हॉस्पिटलात उशा रचतात तशा.

"या पिशव्या कुणी हलवल्या?"

"खाट बसत नव्हती," ताई म्हणाली.

खाट खरोखरच बसत नव्हती. मामांनी मोजून पाहिलं.

घर पाहावं बांधून असं म्हणतात. भिंत पाहावी बांधून असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणून मामांनी ते अनुभवावरून ठरवायचं ठरवलं. या खेपेला खरी भिंत. खाली पट्टी, वर पट्टी, मधे वासे, दोन्हीकडे बोर्ड. आणि पट्टी फरशीत बसवायची. तिथेच घोडं अडलं.

नाट्यगृहात रंगमंचाच्या फळीला भोक पाडायचं नसतं. मामा कोवळ्या वयात कामाला लागले तेव्हा व्यवस्थापकानं त्यांना फळीवर उभं करून सांगितलं होतं, "इथे खिळा दिसला तर तो तुझ्याच हातानं, तुझ्याच दातांनी काढायला लावीन." तो व्यवस्थापक जाऊनही जमाना झाला. मामांनी मात्र भिंती टेकूंवर आणि वाळूवर उभ्या केल्या, दोरीनं बांधल्या, वजनानं दाबल्या, पण जमिनीला कधी हात लावला नाही. हार्डवेअरच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "भोकं कशात मारायची आहेत?" तर मामा इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "फरशीत." दुकानदारानंही मग उगाच आवाज बारीक करून ड्रिलचं बिट दिलं.

सकाळी पट्टी आखलेल्या रेषेवर ठेवली. मामांनी ड्रिल हातात घेतलं, गुडघ्यावर बसले, टोक खुणेवर टेकवलं. मग पुन्हा माप घेतलं. मग चष्मा पुसला. मग ओळंबा सोडून पाहिला आणि तो थांबेपर्यंत थांबले. तो थांबल्यावरही थांबले.

ताई खुर्ची घेऊन समोर बसली होती. "बाळ्या, सुई टोचायला जितका वेळ लावशील तितकं जास्त दुखतं."

"टोचतोय ना."

"कुणाला? अजून पेशंट हसतोय."

मामी स्वयंपाकघरातून आल्या. पदर खोचला, मामांच्या हातातून ड्रिल घेतलं, पट्टीवर पाय रोवला आणि बटण दाबलं. घर दणाणलं. लाकडाचा भुसा उडाला, मग फरशीची पांढरी पूड. मामांनी डोळे मिटले होते.

"झालं," मामी म्हणाल्या आणि ड्रिल परत दिलं. "आता तुमच्या त्या व्यवस्थापकाला बोलवायचं तर बोलवा. मी गॅसवर दूध ठेवलंय."

कुणी आलं नाही. मामा त्या भोकाकडे पाहत राहिले. मग दुसरं त्यांनी स्वतः पाडलं. तिसऱ्यानंतर ते शीळ घालायला लागले, आणि दुपारपर्यंत ताईला सांगावं लागलं की आता पुरे, पट्टी आहे, चाळण नाही.

पुढचं काम सुरळीत झालं. छताची पट्टी बसली. वासे कापताना मामांनी प्रत्येकाचं वेगळं माप घेतलं, कारण छत एका टोकाला किंचित खाली होतं. जिथे फट राहिली तिथे पाचर ठोकली. ताई खुर्चीवरून उठून प्रत्येक वाशावर तळहात ठेवायची, क्षणभर थांबायची आणि पुढे जायची.

"हा श्वास घेतोय," एका वाशापाशी ती म्हणाली.

मामांनी तिथे आडवा तुकडा दिला.

"अजून घेतोय."

मामांनी दुसरा दिला. ताईनं पुन्हा हात ठेवला. "गेला," ती म्हणाली.

अलीकडचा बोर्ड लागला. पलीकडचा लावण्याआधी मामा त्या उघड्या सांगाड्यासमोर घुटमळत राहिले. इतकी चांगली मागची बाजू त्यांनी कधी केली नव्हती, आणि नेमकी तीच कुणाला दिसणार नव्हती. आवाज जाऊ नये म्हणून आत काहीतरी भरायला हवं होतं. त्यांनी माळ्यावरून एका जुन्या नाटकाचा काळा मखमली पडदा काढला, त्याच्या घड्या घालून वाशांच्या मधे ठासून बसवल्या.

"पडदा नको म्हणाले होते," ताई म्हणाली.

"तू पडद्याआड नाहीस, ताई. पडदा भिंतीआड आहे."

ताईनं यावर विचार केला आणि हरकत घेतली नाही.

बोर्ड लागला, सांधे भरले, घासले, रंग झाला. दोन्ही बाजूंना सारखा पिवळा. सावली कुठेच नाही. ताईनं खाट भिंतीला लावली, बसली, आणि हळूहळू पाठ मागे नेली. मामांचा हात आपोआप तोंडावर गेला. ताई टेकली. खांदे टेकवले, मग डोकं टेकवलं. मग किंचित पुढे होऊन पुन्हा जोरात टेकली, अगदी पाठीनं धक्का दिल्यासारखी. भिंतीनं दखल घेतली नाही.

"कशी आहे?" मामांनी विचारलं.

"थंड आहे," ताई म्हणाली.

राहणार का, हे काही ती बोलली नाही. महिनाअखेर जवळ आली. ट्रंक कुलपासकट खाटेखाली होती. मामा दिवसातून अनेकदा काही ना काही कारण काढून पलीकडे डोकावत, कधी बोर्डाचा सांधा बघायला, कधी रंगाचा डाग पुसायला, आणि परत येताना खाली वाकून कुलूप बघत. शेवटच्या दिवशी ताई दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलत बसली. मामा अलीकडून भिंतीला कान लावून उभे राहिले. एक अक्षर ऐकू आलं नाही. पडदा इतका ठासून भरल्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

ताई बाहेर आली. "चहा आहे का?" तिनं विचारलं.

"वन्सं, कुणाचा फोन होता?" मामींनी विचारलं. मामांना हे ओठांवर आणायला आणखी आठवडा लागला असता.

"तिकडचा. म्हटलं, माझी खाट दुसऱ्या कुणाला दे. इथे माझी पाठ बसली आहे." मग ती मामांकडे वळली. "आणि ट्रंक उघडून दे. किल्ली अडकते आहे."

मामांनी ट्रंक उघडून दिली. किल्ली कुठे अडकत नव्हती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण मामांचं समाधान झालं नाही. सेटवाल्याला एक खोड असते. काही पडलं तर ते का पडलं हे त्याला कळावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रयोगाआधी झोप लागत नाही. ताई मूठभर हाडांची बाई, वजनानं वाळक्या फांदीइतकी. ती नुसती टेकल्यानं भिंत जाईल? मामांनी ती जुनी भिंत अंगणात पुन्हा उभी केली. टेकू लावले, पिशव्या काढून घेतल्या, स्टूल ठेवलं आणि स्वतः पाठ टेकवली. भिंत डुलली, पण उभी राहिली. पुन्हा टेकवली, तेव्हा पडली. मग मामींना बसवलं. मामींच्या पाठीनं ती दोनदा उभी राहिली आणि तिसऱ्यांदा मामी म्हणाल्या, "मला दुसरी कामं आहेत."

म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. टेकल्यावर ती पडू शकत होती, न पडूही शकत होती. जर ताई नुसतीच टेकली असेल, तर तिला खरोखर तिकडे जायचं होतं आणि घरातल्या नव्या भिंतीनं तिला थांबवलं. आणि जर ढकलली असेल, पिशव्या आधी बाजूला रचून, खाट जागेवर घेऊन, नीट बेत करून ढकलली असेल, तर तिला जायचंच नव्हतं. फक्त भावाकडून खरी भिंत हवी होती, आणि ती मागून मिळणार नाही हे तिनं 'डावी तीन' वाचून ओळखलं होतं.

मामांनी एकदा तिला विचारलं. ती पाठ भिंतीला लावून वर्तमानपत्र वाचत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं, लहानपणी खोटं पकडायची तसंच, फक्त या वेळी खोटं कुणाचं ते मामांना कळेना. मग ती म्हणाली, "पेशंट बरा झाला की औषध कोणतं होतं हे विचारत नाही बसायचं," आणि पान उलटलं.

मामा अजून विचारतात. चहा देताना विचारतात, खिडकी लावायला गेले की विचारतात. मामी आता त्यांच्याकडे लक्षही देत नाहीत.

"ताई, खरं सांग. त्या दिवशी तू टेकलीस, की ढकललीस?"